ती गाण्यांची चॅनेल गेली कुठं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

फायबरचं कनेक्शन जोडायला कुणाच्याही घरी गेलो की घरातला चाळिशी-पंचेचाळिशीचा माणूस राऊटरचा दिवा कधी हिरवा होतोय म्हणून बाजूला उभा असतो, आणि तेवढ्या वेळात हमखास विचारतो, "ओ, तुम्ही पूर्वी केबल चालवायचा नव्हं? मग ती एमटीव्ही, चॅनेल व्ही, ती सगळी मजा गेली कुठं ओ?" लग्नात पंगतीला विचारतात, मिसळ खाताना विचारतात. २०२५ च्या ३१ डिसेंबरला तर दिवसभर फॉरवर्ड येत होते, एमटीव्ही बंद झालं म्हणून, रडके इमोजी वगैरे लावून. बंद झाली ती ब्रिटनमधली त्यांची पाच म्युझिक चॅनेल, आपल्याकडचं नव्हे, पण ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यातल्या एकानंही रिमोट उचलून बघितलं नसणार.

आजवर मी "यूट्यूब आलं ना, मग काय" असं सांगून सुटायचो. पण खरं सांगायचं तर यूट्यूब २००५ ला आलं आणि आमच्या लाइनीवरनं गाण्याचं चॅनेल त्याच्या आधी चारपाच वर्षं गेलं होतं. मीच काढलं. पाच मिनिटांचं काम होतं.

जरा मागनं सांगतो. १९९४ ला बारावीची परीक्षा दिली आणि मामाच्या केबलवर सुट्टीपुरता म्हणून लागलो. मामाचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, खाली म्हशींचा गोठा, वर माडी, माडीवरच्या खोलीत कंट्रोल रूम आणि पत्र्यावर ही मोठी डिश. खाली धार काढायचा आवाज आणि वर मशिनींचा गरम वास, पंखा चोवीस तास चालू, तो आमच्यासाठी नाही, मशिनींसाठी. सकाळी खांबावर, दुपारी वसुलीला, पावसाळ्यात वीज कडाडली की सिग्नल वाढवायचे बूस्टर उडायचे आणि मग रात्रभर छत्री घेऊन गल्लोगल्ली. गणपती विसर्जनाला तर आमची दोन पोरं फक्त बांबू घेऊन उभी असायची, मंडळांच्या उंच मूर्ती आल्या की वायर वर उचलायला.

लागलो आणि पहिल्याच महिन्यात गंमत झाली. तोवर आपल्याकडं स्टारच्या चॅनेलांबरोबर हाँगकाँगवरनं एमटीव्ही यायचं. मे महिन्यात त्यांचं आपापसात फाटलं आणि एमटीव्ही गेलं. मामाला वाटलं डिश हलली. मला भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर चढवलं, मी डिश इकडं हलवतोय तिकडं हलवतोय, आणि मामा खालनं ओरडतोय "आलं का रे?" मी म्हणतोय "बाकीची बी गेली!" शेवटी कळलं की आपली काही चूक नाही, चॅनेलच गेलंय. मग त्याच महिन्यात चॅनेल व्ही सुरू झालं. एमटीव्ही १९९६ ला स्वतःचं इंडियाचं चॅनेल घेऊन परत आलं, पण तोवर व्ही नं घर केलं होतं.

त्याआधी आमच्यासाठी गाणी म्हणजे छायागीत, चित्रहार, नंतर दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवरचा सुपरहिट मुकाबला, म्हणजे आठवड्यातनं मोजून काही तास. आणि हे एकदम दिवसभर गाणी! १९९५ ला अलिशा चिनॉयचं मेड इन इंडिया आलं तेव्हा आमच्या लाइनीतल्या सलूनमध्ये दाढीला बसलेली माणसं दाढी झाली तरी उठायची नाहीत, मिलिंद सोमण व्हिडिओतल्या त्या पेटीतनं बाहेर येईस्तोवर. लकी अली इजिप्तमध्ये पिरॅमिडजवळ गात फिरायचा आणि आमच्यातला एक जण मी पण आता तसाच आवाज काढतो म्हणून नाकातनं गायला लागला, तो आजही तसाच गातोय, लग्नात माईक देत नाही आम्ही त्याला. दलेर मेहंदीची गाणी पोरींमुळं चालतात असं लोक म्हणायला लागले म्हणून १९९८ च्या तुनक तुनक तुन मध्ये त्यानं पोरीच काढून टाकल्या आणि चार दलेर नाचवले. ह्याला म्हणतात नाद खुळा. आणि एमटीव्हीवर सायरस ब्रोचाचा बकरा हा कार्यक्रम, त्यात लोकांना गंडवायचे, सगळीकडं त्याचं लई कौतुक, पण फिरकी घ्यायला पेठेतल्या पोरांना मुंबईच्या माणसानं शिकवायची गरज नव्हती.

व्हीजे, म्हणजे दोन गाण्यांच्या मधी बोलणारे निवेदक, काय बोलतात ते मात्र आम्हाला निम्मं कळायचं नाही. इंग्लिश हिंदी एकत्र, तेही धडाधडा. तरी बघायचो. कळत नव्हतं म्हणूनच बहुतेक भारी वाटायचं.

आता मुद्द्यावर येतो. एक चॅनेल दाखवायचं तर त्याला एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर लागायचा, दोन्हीला पैसे. आणि लोकांच्या घरी जे जुने टीव्ही होते त्यांना बाराच बटणं. म्हणजे आम्ही तीस चॅनेल दिली तरी निम्म्या घरात बाराच दिसणार, आणि वरच्या नंबरला टाकलेल्या चॅनेलवर मुंग्याच मुंग्या. त्यामुळं पहिल्या बारात कुणाला बसवायचं ह्यावरनं मामाच्या डोक्याला जेवढा ताप होता तेवढा तिकीटवाटपात पक्षाच्या अध्यक्षाला नसेल.

१९९९ ला अल्फा मराठी आलं. २००० ला ईटीव्ही मराठी आलं. त्याच वर्षी स्टार प्लसवर कौन बनेगा करोडपती आणि सासू-सुनांच्या सिरियली सुरू झाल्या. आणि आमचा फोन वाजायला लागला. सगळे फोन बायकांचे, काकू, वहिनी, आजी. मराठी चॅनेल कधी लावताय? आमच्या टीव्हीला का दिसत नाही? शेजारच्या केबलवाल्याकडं दिसतंय, आम्ही तिकडं जाऊ काय? हे शेवटचं वाक्य आलं की मामाचा चेहरा पडायचा, कारण कनेक्शन गेलं म्हणजे महिन्याचे शंभर रुपये गेले.

मामाकडं तक्रारींची वही होती. एक दिवस बोटाला थुंकी लावून पानं उलटत बसला, आणि म्हणाला, "गाण्याच्या चॅनेलसाठी वर्षात किती फोन आलेत बघ." मी बघितलं. नव्हतेच. "मग उद्या सकाळी ते काढ, आणि कोण बोंब मारतंय बघू."

काढलं. संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. तीन! स्टार प्लस विजेनं दहा मिनिटं गेलं तर चाळीस यायचे. पहिला फोन सलूनवाल्याचा, तो माझ्या नात्यातलाच. दुसरा एका कॉलेजच्या पोराचा. तिसरी एक मुलगी होती, अकरावी-बारावीची असावी. "ओ, गाणी गेली, मी आत्ता ऐकत बसलो होतो." (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी बसलो' असंच बोलतात, टायपिंगची चूक समजू नका.) मी म्हणालो, "डिशचा प्रॉब्लेम आहे, उद्यापर्यंत येईल." चक्क खोटं. ती पुढं चार दिवस रोज शाळेतनं-कॉलेजातनं आल्यावर त्याच वेळेला फोन करायची आणि मी रोज तेच सांगायचो. पाचव्या दिवशी फोन आला नाही. तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. आता म्हातारपण जवळ आलं म्हणून असेल, ती चार उत्तरं मला दलेर मेहंदीपेक्षा जास्त आठवतात.

पुढं वर्षभरानं मामानं जादा रिसीव्हर घेतला आणि गाण्याचं चॅनेल परत लावलं, पण पार चाळीसच्या पुढच्या नंबरला, मुंग्यांच्या वारुळात. तिथंच २००२ ला वैशाली सामंत आणि अवधूत गुप्तेचं ऐका दाजिबा लागलं. मराठी गाणं, हिंदी-इंग्लिशवाल्यांच्या चॅनेलवर, ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजीला घेऊन! मामा माडीवरनं खाली गोठ्यात ओरडून सांगत होता. त्या वर्षी ते डॉल्बीवर इतकं वाजलं की म्हशींनाही पाठ झालं असेल.

आणि नुसतं आम्हीच काढलं असं पण नाही. मामानं वही बघितली तशी त्या चॅनेलवाल्यांनीही आपली वही बघितली असणार. २००३ ला एमटीव्हीनं रोडीज हा रिॲलिटी शो काढला, गाणी हळूहळू कडेला सरकली. चॅनेल व्ही नं २०१२ ला गाणी बंद करून सिरियली लावल्या आणि २०१८ ला दुकानच बंद केलं. मधी हिंदी गाण्यांचं ९एक्सएम आलं, २०११ ला मराठी गाण्यांचं झकास आलं, ती आम्ही लावली, चालली पण, सलूनमध्ये आणि मोबाईलच्या दुकानात. घरात नाही.

गाणी तेव्हाची चांगली होती का, असंही विचारतात. सगळी कुठली चांगली? निम्मी भंगार होती. पावसात लेदर जाकीट घालून रडणारी पोरं आणि जुन्या गाण्याची मोडतोड करून केलेले रिमिक्स. काँटा लगा लागलं की फोन यायचे, "ते बंद करा, घरात पोरं आहेत," आणि फोन ठेवला की बघायचे.

म्हणून कुणी लई गहिवरून विचारायला लागलं की मी हळूच म्हणतो, तुमचं जुनं घर मला आठवतंय, मागच्या दारानं वायर आत घेतली होती. तुमच्या आई रोज फोन करायच्या. तुमचा एक पण आला नाही.

मग राऊटरचा दिवा हिरवा होतो. टीव्हीला नेट लागतं. पहिलं गाणं बहुतेक लोक लकी अलीचंच लावतात, आवाज मोठा करतात, माझ्याकडं बघून मान हलवतात. गाणं अर्धं व्हायच्या आत आतनं हाक येते, "अरे, झालं असलं तर माझी मालिका लाव की." आणि तो लावतो.