व्हॅल्कीरी विकली

कोलंबस, ओहायो. शनिवार, रात्री.

माझी होंडा व्हॅल्कीरी मोटरसायकल आज विकली. ओहायोत टायटलवरची, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावरची, सही नोटरीसमोर करावी लागते. ते काम लगेच उरकले. त्याआधी खरेदीदाराशी झालेले बोलणे मात्र लिहून ठेवावेसे वाटते.

चौकशी करणाऱ्या बहुतेकांनी आधी विचारले ते गाडी किती मैल चालली हेच, आणि आकडा ऐकून काहींचा उत्साह मावळला. संग्राह्य गाडी म्हणजे कमीत कमी चाललेली गाडी, हा समज मला या गाडीच्या बाबतीत मुळीच मान्य नाही. गोल्ड विंग या आपल्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलचे १५२० सीसीचे, आडव्या सहा सिलिंडरांचे इंजिन होंडाने १९९७च्या मॉडेलपासून या क्रूझरला दिले, तेव्हा गोल्ड विंगमधल्या दोन कार्ब्युरेटरांच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागांच्या) जागी प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे सहा बसवले. तिचा सगळा रुबाब त्या सहांमुळे आहे, आणि गाडी महिनोन्महिने झाकून ठेवली की त्यांच्या बारीक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या छिद्रांमध्ये, पेट्रोलचा चिकट थर साचून खोळंबा होतो तोही त्यांच्यामुळेच. म्हणून मी ती चालवत राहिलो, आणि तिची निगा राखण्याचा याहून चांगला मार्ग मला आजही दिसत नाही.

आजच्या गृहस्थांनी मैलांआधी विचारले, की गाडी उभी करताना पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, बंद करता का. प्रश्न ऐकूनच मन निश्चिंत झाले. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (शोषणावर) चालणारा हा कॉक बिघडला, तर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरू शकते. द्रव दाबला जात नसल्याने अशा वेळी स्टार्टर मारला तर इंजिनाचे आतले भाग मोडू शकतात. नंतर त्यांनी गाडीच्या देखभालीची नोंदवही पानोपान वाचली : टायमिंग बेल्ट कधी बदलले, टायर बदलताना मागच्या चाकाच्या स्प्लाइनना (जोडणीच्या दातांना) मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले का. घासाघीस झालीच नाही.

पुण्याच्या नातेवाइकांना ही जपानी गाडी येथून जवळच्या मेरीसव्हिलच्या कारखान्यात तयार झाली, हे सांगूनही खरे वाटत नसे. मला मात्र त्याचा कायम अभिमान वाटला.

नोंदवही आणि उरलेले ग्रीस गाडीसोबत दिले. हिवाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल खराब होऊ न देणारे स्टॅबिलायझर घालावे आणि ते पेट्रोल सहाही कार्ब्युरेटरांत पोहोचेपर्यंत इंजिन चालवावे, असे सांगितले. त्यांनी ते वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले.