रोजनामच्यात नसेल, तर पोलीस ठाण्यात काही घडलंच नाही

पोलीस ठाण्यात गेलं की आपलं सगळं लक्ष माणसांकडे असतं. टीआय साहेब (ठाण्याचे प्रमुख निरीक्षक) नीट बोलले का, प्रधान आरक्षकाने (हवालदाराने) बसायला सांगितलं का. पण पुढे चौकशी लागली की कोणाचा आवाज चढला होता याला फारसं मोल राहत नाही. कोणती नोंद किती वाजता झाली हे बघितलं जातं. इंदूरच्या ठाण्यांत या नोंदवहीला रोजनामचा सान्हा म्हणतात. आता ती सीसीटीएनएसवर, म्हणजे संगणकात असते, तरी बोलताना सगळे रोजनामचाच म्हणतात.

या वहीचा आधार 1861 च्या पोलीस अधिनियमाचं कलम 44. मध्य प्रदेशात आजही तोच कायदा चालतो. आलेल्या तक्रारी, अटक झालेल्यांची आणि फिर्यादींची नावं, आरोप, जप्त केलेली हत्यारं व सामान, तपासलेले साक्षीदार, हे सगळं तिच्यात यावं लागतं. शिवाय कर्मचाऱ्यांची आमद (हजर होणं), रवानगी (बाहेर निघणं), वापसी (परतणं): कोण, कुठे, कशासाठी गेला आणि कधी परतला. 9 डिसेंबर 2021 पासून शहरात पोलीस आयुक्त आले. पोलीस अधीक्षकांच्या (एसपी) जागी पोलीस उपायुक्त (डीसीपी), नगर पोलीस अधीक्षकांच्या (सीएसपी) जागी सहायक आयुक्त (एसीपी) बसले आणि शांतताभंगाच्या प्रतिबंधक प्रकरणांची सुनावणीही उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून (एसडीएम) या पोलीस अधिकाऱ्यांकडे गेली. मोहर्रिरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या टेबलावर मात्र तेच काम तसंच चालू आहे.

गडबड बहुधा रवानगीत होते. फोन आला की जवान घाईत निघतात, नोंद परतल्यावर टाकली जाते. एकट्या मोहर्रिरला गर्दीच्या वेळी हे सगळं सांभाळायचं असतं, म्हणून घडतं. पण मग पंचनाम्यावर एक वेळ, रोजनामच्यात दुसरी. कधी तर एकच आरक्षक त्याच तासात दोन ठिकाणी हजर! उलटतपासणीत वकील पहिला हात इथेच घालतो आणि खरी जप्तीसुद्धा संशयात सापडते. म्हणून निघण्याआधीची नोंद पोलिसाच्याच फायद्याची आहे. तक्रारदारांपेक्षा ही गोष्ट नव्या आरक्षकांना जास्त समजावून सांगायला हवी असं माझं मत.

तक्रारदाराच्या बाजूने बघा. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे घटना कुठल्याही हद्दीतली असो, माहिती घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक (डीएसपी) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकलं, तर परवानगी कोणाची आणि कधीची, एवढंच विचारा. दखलपात्र नसेल तर अदमचेक, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कापतात. त्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हातात कागद मिळाला म्हणून एफआयआर झाली असं समजून घरी येणारे पुष्कळ असतात, तेव्हा वरचं शीर्षक वाचून घ्या. लिहिलेलं वाचून दाखवणं बंधनकारक आहे. हिंदीत उतरवलेल्या मजकुरात तारीख, वेळ, नावं बरोबर आहेत हे बघूनच घरातल्या आजी-आजोबांना सही करू द्या. प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर तक्रार टपालाने डीसीपींकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे.

अटकेत याच संहितेचं कलम 36 लक्षात ठेवा. अधिकाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही हवी. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती-जप्तीचं चित्रीकरण कलम 105 ने सक्तीचं केलं आहे.

कॅमेऱ्यांचं प्रकरण जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंह सैनी निकालाने ठाण्याचं प्रवेशद्वार, सगळ्या कोठड्या, मार्गिका, निरीक्षकाची खोली, मागची बाजू, अगदी स्वच्छतागृहाच्या बाहेरही कॅमेरा लावायला सांगितलं. साठवण 18 महिन्यांची, ते जमत नसेल तर निदान एक वर्षाची. कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी ठाणेदाराची. गैरवर्तन झालं असेल तर महिन्यांनी आठवण काढू नका. तारीख, अंदाजे वेळ आणि ठाण्यातली जागा लिहून चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पावती घ्या. ‘त्या दिवशीचं सगळं द्या’ असा मोघम अर्ज टाळणं सोपं जातं.

आता ‘लाइन अटॅच’, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत पाठवणं. बातमी आली की लोकांना वाटतं शिक्षा झाली. ती फक्त बदली आहे, पगार पूर्ण चालू राहतो. निलंबनही शिक्षा नव्हे, त्यात निर्वाह भत्ता मिळतो. खरी शिक्षा विभागीय जांच (खातेनिहाय चौकशी) होऊन येते: आरोपपत्र, उत्तर, साक्षी, मग आदेश. राज्याचे 1966 चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम आणि पोलीस रेग्युलेशन त्याची वाट ठरवतात. बडतर्फीला तर संविधानाचं कलम 311 आड येतं: नेमणूक करणाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याला ती करता येत नाही आणि, काही अपवाद सोडले तर, बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणून वरिष्ठांना विचारायचं ते ‘लाइनीत पाठवलं का’ नव्हे, ‘आरोपपत्र दिलं का’.

181 वर सीएम हेल्पलाइनला तक्रार केली असेल तर ती चार पातळ्यांवर वर सरकत जाते. पहिल्या पातळीचा अधिकारी ती आपल्याकडेच मिटवायला बघतो. फोनवर समाधान झालं का विचारलं, तर हातात कागद येईपर्यंत ‘नाही’ म्हणा.