तुम्ही विचारलंत म्हणून: सुट्टीत विसावा का मिळत नाही?

एप्रिल संपत आला की उपासनेनंतर चर्चच्या आवारात हा प्रश्न हमखास येतो. "चार दिवस माथेरानला जाऊन येतो, फोटो भरपूर निघतात, पण मन गेलं तसंच परत येतं. त्यात तिथे शास्त्रवाचन बंद पडतं, रविवार चुकतो, त्याची टोचणी वेगळीच. ख्रिस्ती माणसानं सुट्टी घ्यायची तरी कशी?"

आधी झोपा.

हे ऐकून लोकांना थट्टा वाटते. पण बायबलमधलं 1 राजे हे पुस्तक, अध्याय 19 काढून बघा. संदेष्टा एलीया रानातल्या रतामाच्या झाडाखाली येऊन पडला आणि आता मरण दे म्हणाला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावलाही नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, "उठून खा" म्हणाला. एलीयानं खाल्लं आणि तो परत झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं, मग चाळीस दिवसांची चाल, आणि देवाची ती शांत मंद वाणी त्याच्याही नंतर, होरेब डोंगरावर. आपण पहिल्याच सकाळी वाणी ऐकायला बसतो, डोळे मिटतो, पाच मिनिटांत घोरायला लागतो आणि मग देवाची क्षमा मागतो. वर्षभर सकाळची 6.40 ची विरार फास्ट पकडणाऱ्या माणसाची झोप थकलेली असते. ते देणं आधी फेडायला हवं.

म्हणून चार दिवसांच्या सहलीत पहिला दिवस कोरा ठेवा. एकही पॉइंट नाही, घोडा नाही, गजर नाही. जेवण, दुपारची झोप, संध्याकाळी पाय मोकळे करायला एक फेरी. रात्री दहाला दिवा बंद. प्रार्थना हवीच असेल तर जेवणाआधी करतो तेवढी पुरे. (पंधरा-वीस दिवस झोपच येत नसेल, किंवा एलीयासारखं मरणाचं मनात येत असेल, तर तो सुट्टीचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा आणि पाळकांशीही बोला.)

दुसऱ्या सकाळपासून अर्धा तास. याहून जास्त ठरवू नका. सुट्टीत रोज पाच अध्याय वाचीन, अख्खं यशयाचं पुस्तक संपवीन असे बेत करणारे तिसऱ्या दिवशी हिशेब चुकला म्हणून सगळंच सोडतात. वाचन छापील पुस्तकातून करा. स्तोत्रांसकट असलेला छोटा नवा करार पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावतो. फोनवर वाचायला घेतलं की चौथ्या ओवीला ऑफिसच्या ग्रुपची पट्टी वरून उतरते, आणि मग स्तोत्रं रचणाऱ्या दाविदापेक्षा साहेबाचं म्हणणं मोठं वाटू लागतं.

काय वाचायचं? स्तोत्र 120 ते 134. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ही पंधरा स्तोत्रं, बहुतेक आठ-नऊ ओव्यांच्या आतली. प्रवासातल्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. वेळ एकाच स्तोत्राला असेल तर 131 घ्या. फक्त तीन ओव्या आहेत.

ते असं वाचायचं. आधी एकदा मोठ्यानं, स्वतःला ऐकू जाईल इतपत. मग दोन मिनिटं गप्प. दुसऱ्यांदा सावकाश, आणि जिथे जीभ अडखळेल किंवा मन थांबेल तिथे थांबायचं. बहुतेक लोक दुसऱ्या ओवीवर थांबतात, आईपाशी असलेल्या दूध तुटलेल्या बाळावर. ही उपमा घाईत निसटते. अंगावर पिणारं मूल आईच्या मांडीवर स्वस्थ नसतं. ते पदर ओढतं, तोंड खुपसतं, मिळेपर्यंत रडतं. दूध तुटलेलं मूल त्याच मांडीवर येतं, पण आता त्याला आईकडून काही काढून घ्यायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं. आपली वर्षभराची प्रार्थना बहुधा पहिल्या मुलाची असते: फ्लॅटचं कर्ज, मुलाची अॅडमिशन, आईचा गुडघा. त्यात वाईट काही नाही. पण सुट्टीतल्या अर्ध्या तासात एकदा तरी काही न मागता बसून बघा. तिसऱ्यांदा वाचून झालं की दहा मिनिटं तसंच बसायचं, घड्याळ उलटं ठेवून.

मन भरकटणारच. त्यासाठी वही जवळ ठेवा आणि शेवटचं पान कामाचं म्हणून राखा. "मेलला उत्तर राहिलं", "गॅस नंबर लावायचा" असं आठवलं की एका शब्दात तिथे लिहायचं आणि पान मिटायचं. डोक्यातून ढकलायला गेलं की तेच तेच दहा वेळा येतं. कागदावर उतरलं की बहुतेक वेळा गप्प बसतं. जागा निवडताना एवढंच बघा की नवाच्या पुढे माथेरानच्या पॉइंटांवर गर्दी असते, आणि माकडांना तुमच्या एकांताचं काही सोयरसुतक नसतं. खाऊची पिशवी बरोबर नेऊ नका.

आता अवघड भाग. पुष्कळ घरांत सुट्टीत सगळ्यांना विसावा मिळतो, एकीला सोडून. स्वस्त पडतं म्हणून स्वयंपाकघर असलेला बंगला घेतात आणि मुंबईची ओट्याशी उभी असलेली बाई तिकडच्या ओट्याशी उभी राहते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, 5:14 मध्ये, शब्बाथाची म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परका, सगळ्यांची नावं घेऊन सांगते: तुझ्याप्रमाणे त्यांनाही विसावा मिळावा. त्या यादीत बायको नाही. ती "तू" या शब्दातच येते असं समजावतात. येत असेलही, पण बंगल्यावर पोहे कोण करतं ते बघा. तेव्हा बुकिंग करतानाच ठरवा: किमान दोन वेळचं जेवण बाहेरून, आणि तिच्या सकाळच्या अर्ध्या तासात मुलं बाबांकडे. तोच नियम भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला. मे महिन्यात काचा खाली करून गाडीत झोपणारा माणूस तुमच्या वेशीच्या आतला आहे. खोली घेताना ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का ते विचारा, नसेल तर त्याच्या खोलीचे पैसे खर्चात धरा, आणि सुटायची वेळ त्याला आदल्या रात्री सांगा.

रविवारचं सोपं आहे. शनिवारी दुपारी परत निघा. रविवारी संध्याकाळी परतीच्या गर्दीत अडकण्यापेक्षा ते बरं, सकाळी आपल्याच मंडळीत उपासना मिळते आणि सोमवार अंगावर येत नाही. राहणारच असाल तर शुक्रवारपर्यंत तिथल्या चर्चला फोन करा. लहान गावात एकाच पाळकांकडे दोन-तीन मंडळ्या असतात आणि उपासनेच्या वेळा बदलतात. कॅथलिक बंधुभगिनींना शनिवार संध्याकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, रविवारची म्हणून चालते.

साधनेचे दिवस, म्हणजे रिट्रीट, ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मौन असतं, मार्गदर्शक असतो, मेहनत असते. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीची पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, छोटी आठ दिवसांची. तिकडे जरूर जा, पण मुलांना कबूल केलेल्या रजेतले दिवस कापून नको.

आणि ज्यांना मुंबई सोडणंच जमत नाही त्यांनी घरच्या सुट्टीत माळा आवरायला काढू नये. पहिला दिवस झोपेचा, हे इथेही तसंच. मग एखाद्या कामाच्या दिवशी, गर्दीची वेळ टळल्यावर, फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. हे चर्च 1718 सालचं. जुन्या किल्ल्याचा जो दरवाजा त्याच्या वाटेवर होता त्यावरूनच चर्चगेट हे नाव पडलं. रोज त्या नावाच्या स्टेशनावर धावत उतरणाऱ्या कितीतरी जणांनी ते आतून पाहिलेलं नसतं. झाडं हवी असतील तर बोरिवलीचं नॅशनल पार्क, फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.