माझं पहिलं एपीआय डॉक्युमेंट

टेक्निकल रायटर म्हणून रुजू झाले तेव्हा मला कोड लिहिता येत नव्हता, वाचताही जेमतेम यायचा. पहिल्याच आठवड्यात एका एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली सोय) 'गेटिंग स्टार्टेड', म्हणजे सुरुवात कशी करायची ते सांगणारं, पान माझ्याकडे आलं. डेव्हलपरने चार ओळींच्या नोट्स दिल्या, "बाकी सगळं सरळ आहे" म्हणाला आणि मीटिंगला गेला. मी त्या ओळींची नीट वाक्यं केली, व्याकरण तपासलं, स्क्रीनशॉट लावले. पान लाइव्ह गेलं.

तिसऱ्या दिवशी सपोर्टकडून मेसेज: पहिलीच कमांड चालत नाही, ग्राहक अडकलाय. मी ती कमांड चारदा वाचली, चूक काही सापडेना. शेवटी टेस्टिंगमधल्या मैत्रिणीने ती आपल्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पेस्ट केली आणि अवतरणचिन्हावर बोट ठेवलं. मजकूर मी आधी वर्डमध्ये लिहिला होता आणि वर्डने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकली होती. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. टर्मिनलच्या लेखी मात्र वळणदार चिन्ह हे एक साधं अक्षर असतं, त्यामुळे कर्ल या सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामला हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) त्यातल्या स्पेसवर तुटून मिळत होता. पुढच्या एका कमांडच्या सुरुवातीला मी प्रॉम्प्टचं, म्हणजे टर्मिनल ओळीच्या सुरुवातीला स्वतःच दाखवतं ते, डॉलर चिन्हही ठेवलं होतं. तेही कॉपी होऊन जायचं आणि समोर 'कमांड नॉट फाउंड' यायचं.

हे सगळं दुरुस्त केलं, तर ४०१ एरर. टोकन, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी किल्ली, कुठून घ्यायचं हे नोट्समध्ये नव्हतंच. डेव्हलपरच्या मशीनवर ते कधीपासून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (मशीनवर साठवलेली, प्रोग्रामला आपोआप मिळणारी नोंद) पडून होतं, त्यामुळे ती पायरी त्याच्या ध्यानातच उरली नव्हती. त्याला दोष देणं मला आजही पटत नाही. ती पायरी शोधणं हे माझं काम होतं, आणि मी एकही कमांड स्वतः चालवून पाहिली नव्हती.

मग मी एक कोरं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा वेगळा संगणक) मागून घेतलं आणि पान पहिल्या ओळीपासून करत गेले. जिथे अडले तिथे नोंद केली. दोन दिवस लागले. चार ओळींच्या अकरा पायऱ्या झाल्या. टोकन नसेल किंवा चुकीचं असेल तर ४०१, टोकन बरोबर पण परवानगी नसेल तर ४०३, हेही पानावर घेतलं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येसुद्धा 'बग्ज' असा स्वतंत्र भाग होता. काय बिघडू शकतं हे वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवण्याची ती पद्धत मला फार मोलाची वाटते.

माझी प्रश्न विचारायची रीतही बदलली. "हे कसं चालतं?" असं विचारलं की "सरळ आहे" एवढंच उत्तर यायचं. "मी हे केलं, हे आलं, असंच यायला हवं का?" असं विचारल्यावर तोच डेव्हलपर खुर्ची ओढून शेजारी बसला.

फाइलींमधले बदल नोंदवणारं गिट आणि मजकूर साध्या खुणांनी मांडायची मार्कडाउन पद्धत ओघात शिकले. पहिली पुल रिक्वेस्ट (माझे बदल तपासून घ्या अशी विनंती) पाठवताना हात थरथरत होते, पण रिव्ह्यूमध्ये आलेल्या सूचना बहुतेक कामाच्या निघाल्या. एक तर फारच: परवानग्यांचा लांबलचक तक्ता इथे नको. दानिएले प्रोचिदा यांच्या 'डायाटॅक्सिस' या मांडणीत धडा, कामाची कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार वेगळे ठेवतात. माझ्या पानात चारही एकत्र कालवले गेले होते. तक्ता संदर्भाच्या पानावर हलवला.

पान पुन्हा लाइव्ह करण्याआधी टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाला ते करायला दिलं आणि मी मागे गप्प उभी राहिले. सातव्या पायरीवर तो थांबला. स्क्रोल करून वर गेला, पुन्हा खाली आला. "'वरील टोकन' म्हणजे कुठलं? वर दोन आहेत." मी तिथेच ते वाक्य बदललं: 'पायरी ३ मध्ये कॉपी केलेलं टोकन इथे पेस्ट करा.' त्याने पेस्ट केलं, एंटर दाबलं, आणि स्क्रीनवर यशाचं २०० आलं.