पाठ टेकताना

नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी ज्युदो शिकवतो. पहिले दोन महिने नुसतं पडायचं. हनुवटी छातीशी, नजर बेल्टच्या गाठीवर, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून जरा लांब, मॅटवर सपाट आपटायचे. थप्प! एकच आवाज. "सर, पडायला शिकवताय, पाडायला कधी?" असं दर बॅचला एक तरी पालक विचारतोच. फी वसूल व्हायला हवी ना!

तो मुलगा गेल्या वर्षी आला. चौदा वर्षांचा, पकड अशी की माझ्या ड्रेसची कॉलर उसवली. आजोबा तालमीतले वस्ताद. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या लाल मातीत पोरगा लहानपणापासून लोळलेला. पाडण्यात अख्ख्या वर्गाला भारी. पण त्याला कुणी उचललं की अंग लाकडासारखं ताठ, आणि पडलाच तर मागे हात टेकवायचा. "हात टेकायचा नाही, आपटायचा," हे पन्नासदा सांगितलं. मान डोलवायचा, पुन्हा तेच.

खरं तर मीही फार दामटलं नाही. स्पर्धा तोंडावर होती आणि हा मेडल आणणार हे दिसत होतं. शेवटी सरावात एकाची ओ-गोशी, म्हणजे कंबरेवरून टाकायचा डाव, बसली, याने हात टेकवला, सगळं वजन मनगटावर आलं. नशीब, मुरगळण्यावर निभावलं.

त्या शनिवारी आजोबा नातवाला घेऊन आले. कान पैलवानाचे, चेपून गोळा झालेले. मी बोलणी खायच्या तयारीत. त्यांनी दाराशी चपला काढल्या, मॅटला हात लावून कपाळाला लावला.

"चूक तुमची नाय, सर. पाठ लागू द्यायची नाय हे मीच शिकवलंय त्याला. पाठ लागली की कुस्ती गेली."

"आमच्यातही पाठीवर जोरात आपटलं की इप्पॉन, लढत खलास," मी म्हणालो. "पण सरावात रोज पडावं लागतं, वस्ताद. नाहीतर जोडीदार शिकणार कुणावर?" मग ओघात जिगोरो कानोंचं सांगितलं. अंगाने किरकोळ, शाळेत दांडग्या पोरांचा मार खाल्लेला हा माणूस जुजुत्सू शिकला आणि १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात, बारा तातामींच्या, म्हणजे जपानी गवती चटयांच्या, जागेत, त्याने ज्युदो शिकवायला सुरुवात केली.

"देवळात?" आजोबा खूश झाले. "आमची तालीमबी मारुतीला चिकटूनच." मग सहज विचारावं तसं, "तुम्ही पडता का अजून?"

मी बावन्न वर्षांचा. तीन वर्षं मी पडणं फक्त तोंडाने शिकवत होतो.

ऑरेंज बेल्टवाल्या एका मुलीला बोलावलं. अकरा वर्षांची. "सर, खरंच टाकू?" "टाक." तिने कंबर आत घातली, छतावरचा पंखा क्षणभर पायाखाली दिसला आणि थप्प. कंबरेत कळ गेली. ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. एवढा खोटेपणा मास्तराला माफ असावा. "पुन्हा," म्हटलं. तिने पाच वेळा टाकलं, शेवटी शेवटी तर जरा जास्तच उत्साहाने.

"आवाज भरीव आला," आजोबा म्हणाले.

नातू पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून बघत होता. "सर, एवढ्याशा पोरीकडनं... लाज नाही वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. तिसऱ्यांदा कंबरच एवढी दुखत होती की लाजेकडे बघायला वेळ नव्हता."

पोरं हसली. तो नाही हसला. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तर कोपऱ्यात, नव्या मुलांच्या रांगेच्या टोकाला, तो उकिडवा बसून मागे पाठीवर लोळत होता. उठायचा, परत लोळायचा. एकाच हाताचा आवाज येत होता. हनुवटी अजून वरच होती. ती सोमवारी बघू म्हटलं.