आमची वाटचाल : सनपॅकवर शाई टिकवता टिकवता

बाबांनी इंदूरच्या मल्हारगंजात घराच्या पुढच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं काम, सुरू केलं तेव्हा काम म्हणजे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि लग्नसराईत कापडी पिशव्या, बस. मी धंद्यात आलो तोवर पत्रिका ऑफसेटवाल्यांकडे गेल्या होत्या, म्हणून बोर्डांकडे वळलो. आधी सनबोर्ड, मग सनपॅक. नावं जुळ्या भावांसारखी पण कूळ वेगळं, सनबोर्ड पीव्हीसीचा आणि सनपॅक म्हणजे पॉलीप्रॉपिलीनची आतून पोकळ नळ्यांची शीट. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणजे खरं तर आम्ही विचारलंच नाही.

पहिली मोठी ऑर्डर भंवरकुआंच्या एका कोचिंगवाल्या सरांची, ३०० बोर्ड. घरात सनबोर्डची पीव्हीसी शाई होती तीच मारली, काय मस्त चमक आली होती! तिसऱ्या दिवशी सर स्वतः एक बोर्ड काखेत मारून आले, टेबलावर ठेवला आणि नखाने खरवडला, तर दुधावरची साय निघावी तसं "प्रवेश सुरू" अख्खं उचलून आलं. ३०० च्या ३०० बोर्ड आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, आई म्हणाली पत्रिकाच बऱ्या होत्या.

मग एका जुन्या शाईवाल्या काकांनी शिकवलं. पॉलीप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा, त्यावर काही पसरतच नाही, त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे ओली शाई धरायची ताकद, ३० डाइनच्या (हे तिचं माप) आसपास, आणि शाई धरायला निदान ३८ तरी हवी, ४० च्या वर असली तर उत्तम. म्हणून कारखान्यात शीटवर कोरोना ट्रीटमेंट करतात, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी वरचा थर जरा बदलून टाकतात. आणि शाईही पीपीचीच, म्हणजे पॉलीप्रॉपिलीनसाठी बनवलेलीच घ्यायची, तिच्यातलं रेझिनच, म्हणजे पकड धरणारा घटकच, वेगळं असतं. पीव्हीसीची शाई स्वस्त पडते म्हणून मोह होतो, पण करू नका.

एवढं करूनही एकदा शाई सुटलीच! शाई बरोबर, जाळी बरोबर, मग? शीट गोडाऊनमध्ये कितीतरी महिने पडलेली होती आणि ट्रीटमेंट दिवसांबरोबर उतरत जाते हे तोवर माहीत नव्हतं. आता नवी गड्डी आली की डाइन पेनने, म्हणजे पृष्ठऊर्जा तपासायच्या पेनने, रेघ ओढतो, रेघ दोन सेकंद तशीच राहिली तर ठीक, थेंब थेंब झाली तर शीट परत. पेन नसेल तर पाण्याचा हात फिरवून बघा, मोती झाले की समजा. छापल्यावर २४ तासांनी ब्लेडने बारीक चौकटी पाडून सेलोटेप लावून ओढतो, त्याआधी नाही, कारण वरून सुकलेली शाईसुद्धा पक्की पकड धरायला वेळ घेते.

सुकवण्यावरून आमच्यात अजून भांडणं होतात. पावसाळ्यात धाकट्या भावाने घाईने बोर्डांची थप्पी लावली आणि सकाळी सगळे एकमेकांना चिकटलेले, वेगळे करताना अक्षरं शेजाऱ्याच्या पाठीवर. हीटर लावावा तर शीट वाकते. शेवटी रॅक घेतले, आणि जाळी इंचाला २३० ची होती ती ३०५ ची केली, थर पातळ पडतो आणि शाई लवकर सुकते. स्क्वीजीचा, म्हणजे जाळीवरून शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, दाब मात्र बेतानेच, नाहीतर सलग भरलेल्या रंगात नळ्यांच्या रेषा उमटतात.

रंगाचा किस्सा तर वेगळाच. एका प्लॉटवाल्यांच्या बोर्डावर नाव काळ्यात आणि फोन नंबर लाल रंगात होता, उन्हाळा संपेपर्यंत नाव ठणठणीत आणि नंबर गायब! स्वस्त लाल आणि पिवळे उन्हात आधी जातात, काळा आणि निळा टिकतात. तेव्हापासून बाहेर लागणाऱ्या बोर्डाला लाल-पिवळा आउटडोअर ग्रेडचाच घेतो, आणि गिऱ्हाईक ऐकत असेल तर नंबर काळ्यात.

यूव्ही शाईचंही बघून आलो सांवेर रोडला, ती अतिनील प्रकाशाच्या लॅम्पखाली सेकंदात सुकते, पण थर जाड झाला तर शीट वाकवताना तडकते आणि मशीनचा आकडा ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो. दहा-वीस बोर्ड हवे असतील तर डिजिटलवाल्यांकडे पाठवतो, २०० च्या वर असतील तर आमच्याकडे या.

ते कोचिंगवाले सर अजून आमच्याकडेच येतात. माल घ्यायला आले की आधी नखाने खरवडतात, मग मोजतात.