विटांमागचं रबर: ॲसिडच्या टाकीचं अस्तर बदलताना

गरम, पातळ सल्फ्युरिक ॲसिडच्या पोलादी टाकीला आतून विटांचे थर असतात, आणि या विटाच ॲसिड अडवतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. अस्तर बदलायचं ठरलं तेव्हा पहिल्या बैठकीतही तोच सूर होता. सगळी चर्चा विटांची, रबराचा उल्लेख जाता जाता. मला ते खटकलं. ॲसिडप्रूफ वीट ॲसिडमध्ये विरघळत नाही, पण तिच्या छिद्रांतून आणि सांध्यांतून ॲसिड हळूहळू मागे झिरपतंच. पोलादाला वाचवतो तो शेलला, म्हणजे टाकीच्या पोलादी भिंतीला, आतून चिकटवलेला रबराचा थर. विटा त्या रबराला उष्णतेपासून आणि घासण्या-आपटण्यापासून सांभाळतात. हे पक्कं धरलं की कोणत्या टप्प्याला वेळ द्यायचा ते आपोआप ठरतं.

आमच्या टाकीत ॲसिड 95 अंशांवर राहणार होतं. नैसर्गिक रबर साधारण 70 अंशांच्या पुढे फार काळ टिकत नाही. म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. बाहेरची हवा 30 अंश आणि विटेचा थर 114 मिलिमीटरचा धरला, तर एकाच थराच्या मागे रबरावर 67 अंशांच्या आसपास तापमान येतं, म्हणजे अगदी काठावर. दोन थर दिले तर ते 56 पर्यंत उतरतं. दुसऱ्या थराचा खर्च कशासाठी, या प्रश्नाला माझ्याकडे एवढं एकच उत्तर होतं आणि ते पुरलं.

त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट पुढे आली. वाफ वाचावी म्हणून टाकीला बाहेरून इन्सुलेशन लावायचा प्रस्ताव होता. हेतू चांगलाच होता. पण बाहेर 50 मिलिमीटर मिनरल वूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) लावली की उष्णतेची वाट अडते, विटांमधली तापमानाची उतरण जवळजवळ संपते आणि रबर 85 अंशांच्या पुढे जातं. गंधक जाळण्याच्या भट्टीत गोष्ट नेमकी उलटी असते. तिथे शेल थंड पडला तर त्यावर ॲसिड साचून पोलाद खातं, म्हणून तो मुद्दाम गरम ठेवतात. आमची टाकी बाहेरून उघडीच ठेवायची, असं ठरलं.

जुनं अस्तर फोडण्याचं काम मला सर्वांत धोक्याचं वाटतं. टाकी रिकामी करून धुतली तरी विटांच्या पोटात ॲसिड असतं, आणि फोडलेल्या तुकड्यांतून ते पाझरत राहतं. रबर जिथे फाटलेलं असतं तिथे पातळ ॲसिड पोलादाला भिडून हायड्रोजन तयार होतो आणि विटांमागे अडकून बसतो. म्हणून आत ब्लोअर सतत चालू होता, गॅसची तपासणी पुन्हा पुन्हा होत होती आणि ठिणगी उडेल असं कोणतंही काम पूर्ण बंद होतं. विटांच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. त्यामुळे पाणी मारूनच फोडायचं आणि मास्क काढायचा नाही, यावर मी अडून राहिले.

मग शेलची तयारी: वेल्ड घासून सपाट करणं, कडा गोल करणं, ग्रिट ब्लास्टिंग (खरखरीत कणांचा मारा करून पोलाद साफ करणं). रबर चिकटवून वाफेने पक्कं केल्यावर स्पार्क टेस्ट आली. हजारो व्होल्टचा ब्रश रबरावरून फिरवायचा. जिथे भोक असेल तिथे ठिणगी सरळ पोलादाकडे उडी घेते. एका नोझलच्या (टाकीला पाइप जोडायच्या तोंडाच्या) गळ्याशी, जोडाजवळ, ती उडाली. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. ठेकेदाराला विटा सुरू करण्याची घाई होती, आणि शटडाऊनचे दिवस मोजलेले असल्यामुळे ती समजण्यासारखीही होती. पण विटा लागल्यावर त्या जागी पुन्हा हात पोचत नाही. तेवढा भाग काढला, नवा पट्टा लावला, पक्का केला आणि तपासणी पूर्ण टाकीची परत केली. त्यानंतर आत जाणाऱ्याच्या पायात मऊ तळाचे बूट आणि परांचीच्या पायाखाली जाड गाद्या, हा नियम झाला.

मॉर्टर, म्हणजे विटा जोडायचा लेप, फ्युरान या रेझिनचं घेतलं. सिलिकेट मॉर्टर गरम आणि तीव्र ॲसिडला उत्तम, पण पाणी आणि पातळ ॲसिड त्याला हळूहळू धुऊन नेतात. फ्युरानचं उलट आहे: पातळ सल्फ्युरिकमध्ये ते टिकतं, नायट्रिक किंवा तीव्र सल्फ्युरिकसमोर टिकत नाही. (ॲसिडमध्ये फ्लोराइड असतं तर या विटाही चालल्या नसत्या, कार्बनच्या घ्याव्या लागल्या असत्या.) फ्युरान कालवलं की लगेच तापायला आणि घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं.

विटा लावणारे मिस्त्री वयाने मोठे होते. प्रत्येक विटेला पाठीमागून आणि कडांना मॉर्टर लावून ते ती दाबून बसवत, सांध्यातून मॉर्टर बाहेर आलं की मगच पुढे जात. बसलेल्या विटांवर मूठ ठोकून आवाज ऐकत. "मॅडम, ही पोकळ बोलतेय. काढतो," म्हणत आणि मी काही बोलण्याआधीच ती काढलेली असे. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नसतात; ते त्यांना सांगावं लागलं नाही.

टाकी तापवताना तासाला 10 अंशांपेक्षा वेगाने जायचं नाही असं ठरवलं होतं. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. गोल टाकीत ती सगळ्या बाजूंनी आवळलेली असते तोवर सुरक्षित. पोलाद तेवढ्याच तापमानाला विटेच्या साधारण दुप्पट फुगतं. शेलही विटांइतकाच तापला तर तो त्यांच्यापासून सुटतो, विटा सैल होतात आणि सांधे उघडतात. शेल उघडा ठेवण्याचं हे दुसरं कारण. टाकी चालू झाल्यावर थर्मल कॅमेऱ्याने शेल तपासला, नोझलांभोवती जास्त बारकाईने. कुठेही गरम डाग दिसला नाही.

आता शेलवर मोठ्या अक्षरांत दोन सूचना रंगवून घेतल्या आहेत: 'आत रबर आहे, वेल्डिंग करू नये' आणि 'इन्सुलेशन लावू नये'. ड्रॉइंगवरही त्या चढवल्या, कारण रंगकाम करणारे नवे लोक पहिल्यांदा त्याच पुसतात.